चहा छताला लागला तेव्हा: उडत्या विमानात कंट्रोल बिघडतं म्हणजे नक्की काय होतं?

सुरंगी

मंडळी, तीन महिने लिहीन लिहीन म्हणतेय. गेल्या आठवड्यात विमानांच्या सॉफ्टवेअरच्या बातम्या आल्या आणि सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं, म्हणून आज हा धागा.

गणपतीच्या आदल्या दिवशी आखातातून गोव्याला येत होतो, मी आणि धाकटा (वय ९). घर वेंगुर्ल्याला. कंपनीचं नाव आणि विमानाची जात सांगत नाही. तक्रार अजून चालू आहे आणि नाव घेऊन मला काही मिळवायचंही नाहीये.

समुद्रावर होतो. पट्ट्याचा दिवा विझून तास उलटला असेल. चहा नुकताच हातात आला होता. खाली पावसाळी ढगांची गोधडी, वर लख्ख ऊन. आणि एकाएकी विमानाचं नाक खाली गेलं. विहिरीवर रहाटाचा दोर हातातून निसटला की घागर जशी जाते ना, तसं. माझा चहा कपातून निघाला आणि सरळ छताला लागला. खजुराचा डबा, कोणाची तरी चप्पल, बाळाची बाटली, सगळं वर. टॉयलेटहून परत येणारा एक मुलगा वर आपटला आणि मग आडवाच सीटच्या हातावर पडला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. चहाची गाडी ढकलणाऱ्या मुलीच्या कपाळातून रक्त. किती वेळ चाललं म्हणाल तर मला पाच मिनिटं वाटली. धाकटा म्हणतो, "आई, मी सहा आकडे मोजले."

दोनेक मिनिटांनी पुन्हा एकदा, पण हलका. मग कॅप्टनचा आवाज आला: कंट्रोलमध्ये बिघाड दाखवतंय, ऑटोपायलट बंद केलाय, हाताने चालवतोय, मुंबईला उतरणार. आवाज इतका थंड, जसा काही कुडाळ स्टेशनवर गाडी चाळीस मिनिटं उशिरा आहे हे सांगतोय.

मुंबईला उतरलो. तिथून बसने वेंगुर्ला, गणपतीच्या गर्दीत, वडखळ नाक्यापासून माणगावपर्यंतच पाच तास. बाप्पा आधी पोचले, आम्ही आरतीनंतर.

कंपनीच्या पत्रात दोन शब्द आहेत: "तांत्रिक कारण". मला एवढंच समजून घ्यायचंय की ती हवा होती की यंत्र? आणि यंत्र असेल तर पायलटच्या हातात नक्की काय उरतं?

खाडीकाठ

बापरे. वाचतानाच हात गार पडले. धाकटा बरा आहे ना आता?

तिरफळ

एअर पॉकेट असणार. पावसाळ्यात अरबी समुद्रावर असतातच. आमच्या ऑफिसातला एक जण दर खेपेला हेच सांगतो.

सुरंगी

@खाडीकाठ, तो एकदम मजेत. शाळेत जाऊन स्टोरी विकतोय. त्याचा पट्टा मी बांधून ठेवला होता. स्वतःचा नव्हता बांधला. मान पंधरा दिवस वळत नव्हती.

@तिरफळ, मीही आधी तेच समजले होते. पण मग "कंट्रोलमध्ये बिघाड" कशाला म्हणाला?

पान्हा_१४

नमस्कार. तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, आता गुहागरला कलमांना खत घालतो. थोडं बोलू का?

पहिलं म्हणजे हवेत खिसे नसतात. "एअर पॉकेट" नावाची चीज नाही. वर-खाली वाहणारे प्रवाह असतात, त्यातून विमान गेलं की धक्का बसतो. आणि खरं सांगायचं तर सीटवर बसलेल्याला हवा की यंत्र हे कळत नाही. २१ मे २०२४ ला लंडन-सिंगापूर विमान म्यानमारवर ३७,००० फुटांवर होतं, तिथे हवेनेच असा हिसका दिला की अर्ध्या सेकंदाच्या आसपास सगळं उलटंपालटं, साडेचार सेकंदांत विमान जेमतेम १७८ फूट खाली आलं आणि तेवढ्यात एक माणूस गेला, कितीतरी जखमी. तिथे कंट्रोल अगदी ठणठणीत होतं. म्हणजे किती फूट पडलं याला फारसा अर्थ नाही, किती झटक्यात पडलं त्याला आहे.

तेव्हा सुरंगीताई, तुमच्या विमानाचं निदान मी करणार नाही. ते काळ्या पेटीतच आहे (जी नारिंगी असते, असो). फक्त ऑटोपायलट सुटणं, दोन मिनिटांनी दुसरा हिसका आणि कॅप्टनचं वाक्य, हे तिन्ही एकत्र ऐकून मला ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट आठवली. ती सांगतो, कारण तिचा तपास फार बारकाईने झालाय.

७ ऑक्टोबर २००८. क्वांटास ७२, एअरबस ए३३०, सिंगापूरहून पर्थला. ३०३ प्रवासी, १२ कर्मचारी. ३७,००० फूट, दुपार, स्वच्छ आकाश. १२ वाजून ४० मिनिटांनी ऑटोपायलट आपण होऊन सुटला. पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली: वेग फार कमी झालाय, आणि त्याच वेळी वेग फार जास्त झालाय! दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. दोन मिनिटांनी विमानाने स्वतःच नाक खाली घातलं, ८.४ अंश. कॅप्टन केव्हिन सलिव्हन, जुना अमेरिकन नौदलाचा फायटर पायलट, त्याने काठी मागे ओढली. पहिल्या क्षणी विमानाने ऐकलंच नाही. मग ऐकलं. ६५० फूट गेले. पावणेतीन मिनिटांनी पुन्हा, या वेळी ३.५ अंश आणि ४०० फूट.

पहिल्या हिसक्यात उणे ०.८ जी. सोप्या भाषेत, छत हीच जमीन झाली आणि माणसं त्या जमिनीवर पडली. ११९ जखमी, त्यात १२ गंभीर. शेवटी लिअरमथ नावाच्या आडबाजूच्या हवाई तळावर १ वाजून ३२ मिनिटांनी उतरले. मरण पावलं कोणी नाही.

जेवण करून येतो, मग कारण सांगतो.

खाडीकाठ

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!! असं ऐन वेळेला जेवायला जातात का हो काका?

तिरफळ

एअर पॉकेट मागे घेतो. :) पण म्हणजे कॉम्प्युटर येडा झाला आणि पायलटच्या हातातून गाडी काढून घेतली, असंच ना?

पान्हा_१४

आलो. सुरमई होती, घाई केली नाही.

@तिरफळ, येडा झाला नाही, हीच तर गंमत. त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. त्याला खोटं सांगितलं गेलं.

या विमानात हवेचा वेग, उंची, आणि पंख वाऱ्याला किती कोनात तोंड देतोय, ही माहिती गोळा करणाऱ्या तीन पेट्या असतात. तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र. त्यातली पहिली पेटी बरळायला लागली. उंचीचा आकडा कोनाच्या नावाने पाठवायला लागली. समजा तुमच्या घरी फोन येतो, "ताप किती?" आणि पलीकडचा ताप म्हणून घराचा नंबर सांगतो. मुख्य कॉम्प्युटरला दिसलं की कोन भलताच वाढलाय, म्हणजे विमान आता हवेतली पकड सोडणार, स्टॉल होणार. त्याने वाचवायला म्हणून नाक खाली दाबलं.

आता तुम्ही विचाराल, तीन पेट्या होत्या ना, दोन खऱ्या बोलत होत्या ना? होत्या. आणि कॉम्प्युटर तुलना करतही होता. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आला की तो १.२ सेकंद जुनाच आकडा धरून बसायचा आणि वेड्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचा. बहुतेक वेळा हे बेस्ट चालतं. पण एक वेडा आकडा आला, बरोबर १.२ सेकंदांनी दुसरा आला, की तो गाळणीतून आत शिरायचा. डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यात ही फट आलीच नव्हती. ए३३० आणि ए३४० मिळून २ कोटी ८० लाख तास उडाली होती, त्यात या फटीतून नाक खाली गेलं ते त्या एका दिवशीच.

आणि ती पेटी मुळात बरळली का? तपास डिसेंबर २०११ पर्यंत चालला. अवकाशातून आलेला एखादा कण चिपमध्ये घुसला असेल का, हेही तपासलं. पुरावा मिळाला नाही. त्याच पेटीने दोन वर्षं आधी, सप्टेंबर २००६ ला, त्याच विमानात असाच चाळा केला होता, तेव्हा नाक खाली गेलं नव्हतं. नंतर डिसेंबर २००८ मध्ये दुसऱ्या विमानात दुसऱ्या पेटीने केला. तोवर पायलटांना सूचना गेली होती, त्यांनी ती पेटीच बंद केली. मग एअरबसने ती गाळणी बदलली. पेटीतला रोग सापडला नाही, पण त्याने परत काही करू नये याचा बंदोबस्त झाला. आमच्या धंद्यात असं खूपदा होतं, आणि ते पचायला जड जातं हे मान्य.

नाखवा हर्णै

पान्हाकाका, लय भारी सांगितलंत. मी शिकलेला नाय जास्त, पण हे समजलं. बोटीवर पण हीच भानगड.

दोन वर्षांमागे नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिल्याच फेरीला गेलो. सुवर्णदुर्गाच्या बाहेर, माझी नजर जीपीएसवर. जीपीएस सांगतोय बोट मुरुडच्या देवीच्या देवळात उभी आहे. समोर पाणी दिसतंय, किल्ला दिसतोय, आणि यंत्र म्हणतंय देवळात! पोरगा नवीन, त्याने घाबरून चाक फिरवलं. मी त्याला एक टपली दिली आणि किल्ला डाव्या हाताला ठेवून बंदरात आणली. दिवस होता म्हणून. रात्र असती तर मी तरी कोणाचं ऐकलं असतं, किल्ला दिसलाच नसता.

आणि चाकाचं म्हणाल तर एकदा सुकाण्याची साखळी तुटली. चाक फिरवतोय, ते मोकळंच फिरतंय. वारा पश्चिमेचा, बोट खडकाच्या बाजूला सरकतेय. मग सुकाण्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, दोन खलाशी मागे बसवले, मी पुढून हाका मारतोय आणि ते ढकलतायत. तीन तास. घरी आल्यावर दोन दिवस आवाज गेलेला. विमानात असं काय करता येतं का हो? मागे जाऊन पाइप लावणारा कोणी नाय ना.

पान्हा_१४

नाखवा, पाइप नाही, पण जवळपास तेच केलेलं आहे. दंडवत घालावा असं.

१९ जुलै १९८९, युनायटेड २३२, डीसी-१०. ३७,००० फुटांवर शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक लाइनी (तेलाच्या दाबाने कंट्रोल हलवणाऱ्या) तोडल्या. म्हणजे चाक फिरवलं तरी पंखावरचं काही हलत नाही, तुमच्यासारखंच मोकळं चाक. योगायोगाने प्रवाशांत डेनी फिच नावाचे पायलटांना शिकवणारे एक प्रशिक्षक बसलेले होते. कॅप्टन अल हेन्झनी त्यांना पुढे बोलावलं. ते दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये गुडघ्यावर बसले आणि पंखाखालच्या दोन इंजिनांचे दोन दांडे दोन हातांत धरून, एक पुढे एक मागे करत, विमान वळवायला लागले. डाव्या इंजिनाला जास्त दम दिला की विमान उजवीकडे जातं, तुमचे दोन खलाशीच म्हणा. सू सिटीला जमिनीवर आपटून पेटलं, पण २९६ पैकी १८४ वाचले. नंतर सिम्युलेटरवर करून पाहिलं, तर कोणालाच धड उतरवता येईना.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे जपान एअरलाइन्स १२३, १२ ऑगस्ट १९८५. मागची हवाबंद भिंत फुटली, हायड्रॉलिक गेलं, अर्धा तास झुंजले. ५२४ पैकी ४ वाचले. का? सात वर्षांपूर्वी त्या भिंतीची दुरुस्ती करताना एक पट्टी चुकीची बसवली होती. मी नोकरीला लागलो तेव्हा उस्तादाने पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगितली आणि वर म्हणाला, "आता रात्रपाळीला झोप येते का बघ."

आणि ग्रीस! नाखवा, तुम्हाला पटेल. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३, मेक्सिकोहून येत होतं. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करायला एक लांब स्क्रू असतो, त्यावर मोठा नट. त्याला ग्रीस पुरेसं नव्हतं, नटाचे आटे झिजून झिजून गेले. चालू उड्डाणात तो अडकला. पायलट तासन्तास मोटरने हलवायचा प्रयत्न करत होते, कंपनीच्या लोकांशी बोलत होते. शेवटी आटे पूर्ण सुटले आणि विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात गेलं. ८८ माणसं. ग्रीस, हो. तुम्ही विंचला लावता तेच.

खाडीकाठ

काका, तुम्ही धीर देताय की घाबरवताय तेच कळेना. मी तर आता मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढतेय.

तिरफळ

@खाडीकाठ, मांडवी उशिरा असते, पण खाली पडत नाही हे खरं. :) आणि रस्त्याने जायचं तर आपला हायवे आहेच, तिथे एअर पॉकेट नाहीत, पण बाकी सगळे खड्डे आहेत.

अबोली७०

पहिल्यांदाच लिहिते आहे, चूक झाल्यास सांभाळून घ्या.

नाखवांचं "कोणाचं ऐकलं असतं" हे वाचून मला १ जानेवारी १९७८ आठवला. आम्ही तेव्हा वांद्र्याला राहत होतो, मूळचे आम्ही श्रीवर्धनचे. नव्या वर्षाची संध्याकाळ. एअर इंडियाचं जंबो, 'एम्परर अशोक', दुबईला निघालेलं, सांताक्रूझवरून उडालं आणि लगेचच वांद्र्यासमोरच्या समुद्रात गेलं. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. आमच्या मजल्यावरच्या एका घरचे पाहुणे त्यात होते. दुसऱ्या दिवशी सगळी इमारत किनाऱ्यावर उभी होती, आणि काहीच दिसत नव्हतं, नुसतं पाणी.

पुढे वाचलं ते असं, की कॅप्टनच्या समोरचं क्षितिज दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. ते सांगत होतं की विमान उजवीकडे कललंय. त्यांनी डावीकडे वळवलं. बाहेर समुद्रावर अंधार, खरं क्षितिज दिसतच नव्हतं. शेजारी दुसरं यंत्र होतं, मध्ये तिसरं होतं, फ्लाइट इंजिनीयरने सांगायचा प्रयत्न केला, पण वेळच उरला नाही.

तेव्हापासून समुद्रावर रात्री विमानाचा दिवा दिसला की मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसते. आता श्रीवर्धनला असले तरी.

पान्हा_१४

अबोलीताई, बरोबर आहे तुमचं, त्यात तसूभर चूक नाही. तिथे गोष्ट काही सेकंदांची होती, आणि जमिनीपासून उंचीही फार नव्हती. ३७,००० फुटांवर बिघाड झाला तर निदान विचार करायला थोडी जागा असते. उंची म्हणजे पायलटचा बँकेतला शिल्लक पैसा, असं आम्ही म्हणायचो.

घावन

सुरंगी, तू वेंगुर्ल्याची मगे? आमी परुळ्याचे. माझो झील दुबयत आसा, वरसातून दोन खेपो येता. ह्या वाचून काळजाचा पाणी झाला माझ्या.

२०१० सालची एक गजाल सांगतंय. दुबय-पुणे इमान, ३७,००० फुटार. कॅप्टन बाथरुमाक गेलो. बाजूच्या पोरग्यान शीट सारखी करताना दांडो फुडे रेटल्यान, इमान सुटला खाली. तो इतको भियालो की दार उघडूक सुचला नाय तेका. कॅप्टन भायर अडाकलो, शेवटाक कोड मारून भितर इलो आणि इमान सावरल्यान. तवसर ७००० फूट गेले. मंगळुराचो अपघात होवन आठवडो पण झालो नव्हतो. तेव्हा बाबांनो, यंत्रच काय, मनीस पण बिघाडता.

तिरफळ

घावनभाऊ, जिंकलात. :)

आता मूळ मुद्द्यावर. गेल्या आठवड्यातलं ते सूर्याचं काय प्रकरण? आमची गोव्याची फ्लाइट शनिवारी चार तास लटकली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सूर्यामुळे." मला वाटलं माझी चेष्टा करतेय.

पान्हा_१४

चेष्टा नव्हती, बिचारी खरं बोलत होती.

३० ऑक्टोबर २०२५ ला जेटब्लू या अमेरिकन कंपनीच्या एअरबस ए३२० चं, मेक्सिकोतल्या कानकूनहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला जाताना, चालू उड्डाणात असंच नाक खाली गेलं. माणसं जखमी झाली, टॅम्पाला उतरवलं. एअरबसने तपासून २८ नोव्हेंबरला सांगितलं की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे कंट्रोलच्या कॉम्प्युटरमधली माहिती खराब होऊ शकते. हा कॉम्प्युटर शेपटीचे आणि पंखांच्या टोकांचे हलते भाग सांभाळतो, एलॅक म्हणतात त्याला. जगभरची सुमारे ६००० विमानं या यादीत. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, ३३८ मोजली.

होतं काय, तर चिपमध्ये माहिती शून्य आणि एक अशी साठवलेली असते. उंचावर हवेचं पांघरूण पातळ, त्यामुळे वरून येणारे कण जास्त. एखादा कण नेमका लागला की शून्याचा एक होतो. चिप जळत नाही, फुटत नाही, नुसता एक आकडा बदलतो. चांगलं सॉफ्टवेअर असा बदललेला आकडा ओळखून टाकून देतं. नव्या आवृत्तीत ते पुरेसं होत नव्हतं, म्हणून बहुतेक विमानांवर चक्क जुनी आवृत्ती परत घातली. दोन-तीन तासांचं काम. तिरफळ, तुमचे चार तास त्यात गेले. मी नोकरीत असतो तर त्या दोन रात्री लॅपटॉप घेऊन विमानाविमानांत पळत असतो, आणि खाली तुमच्यासारखे लोक मला शिव्या घालत असते.

नाखवा हर्णै

काका, एक इचारू? जुन्या बोटीला साखळी, नव्या बोटीला हायड्रॉलिक. विमानात अजून साखळी-दोरीवाली आहेत का कुठे?

पान्हा_१४

आहेत की! बोइंग ७३७ मध्ये आजही पायलटच्या चाकापासून शेपटीपर्यंत स्टीलच्या केबली जातात, पुल्यांवरून, अगदी तुमच्या बोटीसारख्या. वर हायड्रॉलिकची मदत असते. हायड्रॉलिक गेलं तरी दोघांनी मिळून जोर लावला की विमान हलतं, हात मात्र भरून येतात. ए३२० पासून (१९८८ ला सेवेत आलं) गोष्ट बदलली. तिथे केबलीऐवजी विजेच्या वायरी. पायलट काठी हलवतो ती विनंती, कॉम्प्युटर ठरवतो किती मान्य करायची.

यात कोण बरं हा वाद मी चहाच्या टपरीवर तीस वर्षं ऐकला. केबलवाले म्हणतात हातात जाणीव राहते. वायरवाले म्हणतात कॉम्प्युटरने किती पायलटांच्या चुका पोटात घातल्या ते मोजा. माझं मत विचाराल तर दोन्ही बरी, पण तिसरा साक्षीदार ठेवा. केबलवाल्या ७३७ चीच नवी आवृत्ती, मॅक्स. तिच्यात नाक खाली दाबणारी एक यंत्रणा बसवली आणि ती कोनाच्या एकाच सेन्सरवर विसंबली. तो खोटं बोलला. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९, मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७. क्वांटासच्या विमानात तीन साक्षीदार होते, म्हणून एवढं होऊनही कॅप्टनच्या हातात विमान परत आलं. नाखवा, तुमचा किल्ला हा तुमचा तिसरा साक्षीदार होता.

सुरंगीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पायलटच्या हातात उरतं ते असं: कॉम्प्युटर स्वतःवर शंका आली की एक पायरी खाली उतरतो, संरक्षण सोडून देतो आणि काठीचं जास्त सरळ ऐकायला लागतो. मग पायलट ऑटोपायलट लावायच्या भानगडीत न पडता हाताने उडवतो, हळू वळणं, लांब धावपट्टी, जवळ मोठं हॉस्पिटल. मुंबई निवडली त्यात हे सगळं आलं.

संपादक

धागा छान चालला आहे. फक्त मांडवी एक्स्प्रेसच्या वेळापत्रकासाठी आलेले आठ प्रतिसाद प्रवास विभागात हलवले आहेत. अवांतर तिथेच.

सुरंगी

सगळ्यांचे आभार, आणि पान्हाकाकांना गुहागरला येऊन भेटणार, कलमांचा मोसम आला की.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कंपनीचं दुसरं पत्र आलं. त्यात लिहिलंय की "एक भाग बदलून विमान सेवेत परत घेतलं." कोणता भाग ते नाही. मी विचारलंय. उत्तर येईल तेव्हा येईल.

आणि परवा जत्रेसाठी पुन्हा आले, त्याच रस्त्याने, म्हणजे त्याच आकाशातून. पट्ट्याचा दिवा विझला तसे शेजारचे काका म्हणाले, "ताई, सोडा आता, दिवा गेला." मी म्हटलं, "असू दे, मला घट्ट आवडतो." चहा मी घेतलाच नाही. खजुराचा डबा सीटखाली, पायांच्या मध्ये. धाकटा खिडकीत बसून मोजत होता, पण काही झालं नाही तेव्हा शंभरावर कंटाळून झोपला. मोपाला उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा.

@घावन, परुळ्यात झील कधी येणार? आमच्याकडे चहाक पाठवा.

घावन

शिमग्याक येतलो म्हणता. तू मोप्यासून रात्री कशी गेलंस? गाडी गावली?

सुरंगी

दादा आला होता न्यायला. सावंतवाडीपर्यंत येताना झोप लागली, वाटेत कुठेतरी त्याने करकचून ब्रेक मारला आणि मी ओरडले. रस्त्यात म्हैस होती.